डावा पंजा दिसेना

मित्रांनो, मी सोनोग्राफीचं एक जुनं मशीन. तैवानमधल्या लुकांग गावात, देवळामागच्या दवाखान्यात उभा असतो. संशय घेणं हाच माझा धंदा. पोटातल्या अंधारात आवाज सोडायचा, जे परत येईल त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा सोडायचा.

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा लोक हरखायचे. "नाक बापावर गेलंय!" म्हटलं की नवरे फुगायचे. मग शहरात रंगीत मशीनं आली. मी पिवळट पडलो. एक चाक कुरकुरतं, वायरीला चिकटपट्टी गुंडाळलीय. आता पोटावर जेल लावायच्या आधीच विचारतात, "हे चालतं ना?"

गेल्या वर्षी पेइ-जू आली. तिसरा महिना संपत आलेला. सोबत सासू, श्यू-ग्वे. डॉक्टर वेईबाईंनी पोटावर माझा प्रोब फिरवला. डोकं. पाय. उजवा हात. डावा हात मनगटापर्यंत. पुढे काहीच नाही.

मला वाटलं, माझीच चूक. सावली पडली असेल. बाईंनाही तेच वाटलं. त्यांनी पेइ-जूला खोकायला लावलं, कुशीवर वळवलं, जिना चढून यायला सांगितलं. बाळ वळलं. पंजा नाही.

"खिळा!" सासू ओरडली. "घसा फोडून सांगत होते, पोटुशीच्या खोलीत गर्भदेव बसलेला असतो, त्याला लागलं की बाळाला लागतं, ठोकाठोकी करू नको. पण हिला पडदा लावायचा होता!"

"आई, ऊन थेट डोळ्यांवर यायचं."

"मग बस आता सावलीत!"

पेइ-जूनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"शहरात दाखवून या," वेईबाई म्हणाल्या. "माझं मशीन म्हातारं आहे."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं ठरायचं होतं.

काही दिवसांनी दोघी परत आल्या. शहरातल्या मशीनलाही पंजा दिसला नव्हता. बाकी बाळ ठणठणीत. बाईंनी पुन्हा प्रोब ठेवला आणि विचारलं, "तो खिळा कधी मारला?"

"गेल्या पंधरवड्यात," सासूनं पोलिसाला सांगावं तसं सांगितलं.

"मावशी, हात त्याच्या कितीतरी आधी घडतात. बाळ शेंगदाण्याएवढं असतं तेव्हा. जे आधीपासून नव्हतंच, ते खिळ्यानं जाईल कसं?"

श्यू-ग्वेनं डोळे बारीक केले. "मग त्याच्या आधी हिनं काय केलं?"

"काही नाही. कधीकधी असं होतं. कुणाच्या करण्यानं नाही."

"असं कसं? काहीतरी असणारच."

पेइ-जू उठून बसली, पोटावर जेल तसंच. "आई, काही सापडलं नाही तर मला दोष देता येणार नाही, म्हणून शोधताय का?"

बाईंनी तिला परत आडवं केलं. बाळानं उजवा हात तोंडाकडे नेला. सासू स्क्रीनला नाक लावून उभी राहिली.

"या हाताची बोटं मोजून दाखवा. जुन्या मशीनवर माझा भरवसा नाही."

बाईंनी एकेक बोट दाखवलं. तिनं पुन्हा मोजायला लावली. मग निघताना पेइ-जूची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"बाजारात ती लिनबाई खोदून खोदून विचारेल. तू गप्प राहा. तिला मी बघते."

सासूच्या मनातून खिळा निघाला की नाही, कोण जाणे. माझा तरी अजून तिच्यावर पुरता विश्वास नाही.

मित्रांनो, प्रोब आपटू नका, जेल वेळच्या वेळी पुसा, एवढंच माझं मागणं. आणि पोटातल्या बाळात काही कमी दिसलं, तर खुशाल माझ्यावर संशय घ्या. दहादा तपासा. मला त्यासाठीच बनवलंय. त्या बाळाच्या आईला नाही.