मान सरळ केलेला भालाईत

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा भालाईत आहे. उंचीने तुमच्या करंगळीपेक्षाही कमी. टेबलावर मांडायच्या एका लढाईच्या खेळातला मी शिपाई. या खेळात राक्षस असतात, जादूगार असतात, पंख फुटलेले घोडे असतात आणि पुढच्या रांगेत उभे राहून सगळ्यांच्या आधी मरायला माझ्यासारखे भालाईत असतात. फासे पडले की आम्हाला उचलून बाजूला आडवं ठेवतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पुढच्या डावात आम्ही परत उभे असतो.

माझा जन्म साच्यातला. धड एकीकडे, हात दुसरीकडे असा मी प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेला होतो. एका भावा-बहिणीने मला सोडवून जोडलं. भावाला घरात दादा म्हणत आणि धाकट्या बहिणीला चिमी. तेव्हा दोघं शाळेत होती. चिकटवायचं काम चिमीचं, रंगवायचं दादाचं. त्याने पहिल्यांदा माझ्यावर इतका जाड लाल रंग थापला की माझं नाक बुजून गेलं. पुढे मात्र त्याचा हात बसला. त्याने रंगवलेला ड्रॅगन बघायला मोठी माणसं भिंग घेऊन यायची. मला कुणी भिंगातून पाहिलं नाही. रांगेतल्या शिपायाकडे कोण बघतो?

शाळा संपली तशी दादा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर लागला आणि चिमी दातांच्या कवळ्या बनवायला शिकली. तरी रविवारी जेवणाचं टेबल रिकामं झालं की आमच्या फौजा त्यावर उतरायच्याच.

मग एके दिवशी त्या यंत्राने दादाचा डावा हात मनगटापासून नेला.

दादा बरा होऊन घरी आला. छापखान्याने त्याला गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं. त्याने आम्हाला खोक्यात भरलं आणि खोकं कपाटावर टाकायला आईला सांगितलं. ब्रश पाण्याच्या भांड्यात तसेच राहून वाकडे झाले. खोक्यात अंधार होता. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

बऱ्याच काळाने चिमीने खोकं उघडलं आणि नेमकं मला उचललं. कवळ्यांच्या लॅबमधलं तिचं सामान तिने घरी आणलं होतं. मला द्रावणात भिजवून जुन्या टूथब्रशने घासलं. लाल रंग गेला, नाक मोकळं झालं. मग बारीक करवतीने माझा डावा हात मनगटापासून कापला. मला वेदना होत नाहीत, तेव्हा काय वाटलं ते विचारू नका. तुटल्या जागी तिने मातीसारखा लगदा लावून पट्टी गुंडाळल्यासारखं कोरलं, जुनी एक ढाल तिथे बसवली आणि खांद्यावरून पाठीवर लोंबणारी झूल चढवली. ती कवळ्यांच्या हिरड्या ज्या गुलाबी मालाच्या करतात त्याच मालाची होती. शेवटी मान कापून तिने माझं डोकं थोडं खाली झुकवून चिकटवलं.

संध्याकाळी तिने मला दादापुढे ठेवलं.

"हे काय?" दादाने विचारलं.

"तुझा भालाईत. नवा केलाय. बघ तरी."

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "रस्त्यात लोक बघतात ते पुरत नाही वाटतं? आता खेळातही तेच?"

"अरे, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं. ठेव तिकडे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिनं जीव ओतलाय रे त्यात." दादा उठून गेला. मी खिडकीत राहिलो, गुलाबी झूल घालून.

चिमी हट्टी. पुढच्या रविवारी ती स्वतःच मला रंगवायला बसली. कवळ्या घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण रंगाशी तिचं कधी जमलं नाही. तिने माझे डोळे काढले ते दोन दिशांना गेले. दादा समोर वर्तमानपत्र धरून बसला होता. पान काही उलटत नव्हतं.

"चकणा केलास त्याला," शेवटी तो म्हणाला.

"मग तू सांग ना कसं करायचं."

"आधी तो रंग पूस. आणि याची मान खाली का घातलीस?"

चिमी हळूच म्हणाली, "दुःखात आहे म्हणून."

"सारखा कोण दुःखात असतो, चिमे? भाला घेऊन उभा आहे ना तो? समोर बघू दे त्याला. काप मान." तो जवळ सरकला. "आणि ढाल अशी राहायची नाही. टोकाला बांधली की घसरते. पट्टा कोपराच्या खाली घे. मला विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर तू बोलला असतास?"

"नसतो बोललो," दादा म्हणाला आणि दोघांनाही हसू आलं.

चिमीने मान कापली, सरळ बसवली. पट्टा कोपराखाली घेतला. मला धरायला ती हात पुढे करत होती, पण दादाने तो बाजूला सारला. त्याने मला लगद्याच्या गोळ्यात रोवून बाटलीच्या झाकणावर बसवलं आणि बाटली डाव्या दंडाने छातीशी दाबून धरली. पहिला फटकारा माझ्या कानावर गेला. दुसरा हनुवटीवर. एकदा बाटलीच निसटली आणि मी टेबलाखाली गेलो. चिमी खाली वाकली, तर तो म्हणाला, "थांब, मी काढतो."

आधी काळ्या रंगाचं अस्तर, त्यावर हिरवी झूल, घड्यांमध्ये पातळ काळपट रंग, कडांवर फिकट रेघा. हे व्हायला पुष्कळ रविवार गेले. डोळे रंगवताना त्याने श्वास रोखला होता. चिमीनेही.

मग एका दुपारी खेळायला शेजारचा एक जुना गडी आला. मांडामांड करताना तो म्हणाला, "याचा हात चिकटवायचा राहिला का रे?" बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"राहिला नाही, तो तसाच आहे," दादा म्हणाला. "फासे टाक. तुझी पाळी."

त्याने फासे टाकले आणि मी पहिल्याच फेरीत मेलो. दादाने मला उचलून कडेला ठेवलं, आडवं नाही, उभं, तोंड मैदानाकडे करून. मग तो पुढच्या चालीत गढून गेला. पुढचा सगळा डाव मी तिथून पाहिला. दादा आणि चिमी हरले.

मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकू नका हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण घरातल्या माणसासाठी काही दुरुस्त करायला घ्याल तेव्हा त्याला शेजारी बसवा. तो चिडेल, नावं ठेवेल, तुमची अर्धी मेहनत कापून काढायला लावेल. काढा.




आणि आम्हाला उचलताना पायाखालच्या चकतीला धरा. भाल्याला धरलंत तर तो वाकतो.