टांगलेल्या गिटारीचा निकाल

ताजुद्दीनचाचा बाहरीनला गेले. आमच्यामुळे गेले, आणि आता परत येणार नाही असं सांगून गेले.

हे झालेलंच नाही असं धरून आपण पुढे चालू. चाचा रोह्यातच आहेत. स्टेशनपासून थोडं आत, घराच्या पडवीत बसून फणसाच्या फळीवर रंधा मारतायत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत की अख्ख्या रायगड जिल्ह्यात त्यांच्याइतकी चांगली बेस गिटार कोणी बनवत नाही. हे खरंच आहे. जिल्ह्यात दुसरं कोणी बनवतच नाही.

चाचा नम्र वगैरे अजिबात नव्हते. नाहीत. बाहरीनमध्ये हॉटेलातल्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तिथे एका शेखच्या उंटाने गिटारीचं टोक खाल्लं आणि ते त्यांनी एका दुपारीत नवं बसवलं, असं ते सांगतात. पुढे तो उंट सुरात ओरडायला लागला, असंही सांगतात. मग एके दिवशी चाचा कंटाळले आणि घरी आले. अमीनाचाचीला त्यांनी शब्द दिला की वर्षभर इथेच गिटारी करून बघतो. बेंजो पार्ट्यांनी घेतल्या तर राहीन, नाही घेतल्या तर निमूट परत जाईन. ते राहावेत असं चाचीलाच सगळ्यात जास्त वाटत होतं. तरी शब्द तिनेच मागून घेतला, कारण त्या घरात कोणीतरी शहाणं असणं भाग होतं.

तेव्हा चाचा रोह्यात राहणार की जाणार, हे बेंजो पार्ट्यांच्या हातात होतं. आणि पेणपासून कोलाडपर्यंत बेंजो पार्ट्यांचा कान म्हणजे आमचा काळूदादा.

आमची 'नवतरुण बेंजो पार्टी, गडब'. हळदी, लग्नं आणि विसर्जनाच्या मिरवणुका वाजवतो. नाव ठेवलं तेव्हा काळूदादा नवतरुण होता. आता त्याचा मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो. दादा पार्टीचा मालक, बेस तोच वाजवतो. हिरामण ऑक्टोपॅडवर, मी कॅसिओवर. दुसऱ्या कुठल्या पार्टीने साधा स्पीकर घेतला तरी आधी दादाला बोलावतात. दादा येतो, डोळे मिटतो, ऐकतो आणि एक वाक्य बोलतो. ते वाक्य मग गावोगाव फिरतं. दुसरं वाक्य बोलायची दादाला सवय नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्या वर्षी एका हळदीत नवऱ्याचा मामा आमच्या बेस गिटारीवर बसला. मामाला काही झालं नाही.

"रोह्याला एक चाचा बनवतो म्हणं," हिरामण म्हणाला.

"त्यासाठी रोह्याला कशाला जायाचं?" दादा म्हणाला. "त्याचा माल पेणला बाबाजीच्या दुकानात टांगलाय. तिथंच बघू."

चाचांनी दोन गिटारी बाबाजीकडे ठेवल्या होत्या, कारण सगळ्या पार्ट्या सामानाला पेणलाच येतात. ठेवल्या त्या ठेवल्या, पुन्हा बघायलाही गेले नाहीत. चाची म्हणायची, एकदा जाऊन बघून या. चाचा म्हणायचे, माझा माल स्वतः बोलतो.

आम्ही टेम्पोने निघालो. हिरामण त्या दिवशी फार तापलेला होता. तो दिवसा गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. पेणहून पुष्कळ मूर्ती कच्च्याच बाहेर जातात. रंग तिकडचा व्यापारी देतो. तशा एका व्यापाऱ्याने रंगवलेल्या मूर्तीचा फोटो हिरामणला कोणीतरी पाठवला होता.

"बघ, बघ हे," त्याने मोबाइल माझ्या नाकाला लावला. "एक डोळा पेणकडं, एक पनवेलकडं. सोंडेला चांदी फासलीय. आणि खाली लिवलंय, पेणची सुबक मूर्ती!"

"रंग कोणाचा?" दादा समोर बसून गरजला.

"त्याचा!"

"आणि नाव कोणाचं जातंय?"

"आपलं!"

"अशा माणसाला उलटा टांगला पायजे," दादा म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी एकमताने त्या व्यापाऱ्याला उलटा टांगला. तेवढ्यात बाबाजीचं दुकान आलं.

बाबाजी वर्षभर वाद्यं विकतो आणि गणपती जवळ आले की मखरं. तेव्हा गणपती जवळ आले होते. ढोलक्यांवर थर्माकोलचे खांब रचलेले, पेटीवर प्लास्टिकच्या फुलांची गोणी. चाचांच्या दोन्ही गिटारी बाहेर शटरच्या खिळ्याला लटकत होत्या. अंगावर दुपारचं ऊन आणि हायवेच्या कामाची धूळ. एकीच्या खुंट्यांना बाबाजीने दिव्यांची तोरणं अडकवली होती. गिऱ्हाईक आलं की तो ती लावून दाखवायचा. दुसरीच्या तारा खाडीच्या वाऱ्याने गंजून गुळासारख्या झाल्या होत्या.

"चार तारा असतात ना हिला?" मी विचारलं.

"होत्या चार," बाबाजी म्हणाला. "एक मखर बांधायला लागली. पण तीन हायत की! आजपर्यंत कोणी चौथी मागितली नाय."

"मान वाकलीय रे हिची."

"उन्हात कोणाची वाकत नाय?" बाबाजी म्हणाला. "कलाकार लोकांनी तरी असं बोलू नये."

मान इतकी वाकली होती की तारेखालून उंदीर ताठ मानेने गेला असता. चाचांनी मान सरळ करायची एक बारकी चावी प्रत्येक गिटारीमागे चिकटवून दिली होती. त्या चाव्यांनी बाबाजीने दुकानातल्या खुर्च्या आवळल्या होत्या. खुर्च्या मात्र उत्तम होत्या.

दादाने तोरणं बाजूला केली, गिटार गळ्यात घातली, वायर जोडली. स्पीकरमधून कोणीतरी पापड खातंय असा आवाज आला. दादाने डोळे मिटले. तारा घशात घास अडकल्यासारख्या बोलल्या. दादाने डोळे उघडले आणि वाक्य बोलला.

"रोह्याचा हात कच्चा हाय."

झालं. दुकानात पोयनाडच्या पार्टीचा एक ढोलकीवाला उभा होता, त्याने ते उचललं. नवरात्रापर्यंत वाक्य खांब गावाला पोचलं, तिथून कोलाडला, आणि तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू झाल्या तेव्हा ते मांडवामांडवात बसलं होतं. कोणी नवी बेस घ्यायचं म्हटलं की दुसरा म्हणे, कुठूनही घे, पण रोह्याची नको, हात कच्चा हाय. असं म्हणणाऱ्यांपैकी कोणीही ती गिटार पाहिलेली नव्हती. आम्ही मुंबईहून एक काळी, चकचकीत गिटार आणली आणि विषय विसरलो.

उन्हाळ्यात आमची एक हळद रोह्याला लागली. दुपारी जोडणी करताना ती काळी गिटार एकदम मुकी झाली. हळदवाला म्हणाला, इथे जवळच एक चाचा आहेत, ते करतील. आम्ही तिघं गेलो. पाहुण्यासारखे गेलो, याची आता लाज वाटते.

चाचांनी गिटार उघडली, आत सुटलेली वायर डाग देऊन चिकटवली आणि म्हणाले, "मुंबईचा माल. दिसायला नवरी, आतून वऱ्हाड." मग त्यांनी भिंतीवरची चादर काढली. तिच्याखाली त्यांची स्वतःची गिटार होती, फणसाच्या पिवळ्या लाकडाची. "हिच्यावर हात फिरव. मग कळंल गिटार काय असते. बाहरीनला असं लाकूड शेखलासुदिक मिळत नाय."

दादाने ती मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि एक तार सोडली.

सूर कानाने नाही, पायाने ऐकू आला. आधी जमिनीतून आला, मग मांडणीवरच्या बरण्यांत शिरला, मग आमच्यात. अंगणातली कोंबडी एक पाय वर धरून थांबली. दादाने दुसरी तार सोडली, मग चालीचा एक तुकडा वाजवला. संपवून तो तसाच बसला. डोळे काही उघडेना.

"बोल की," चाचा म्हणाले.

दादाने तीच तार पुन्हा सोडली.

"पेणला बाबाजीकडं दोन हायत त्या आणि ही, तिघी एकाच झाडाच्या," चाचा म्हणाले. "एकाच हाताच्या. एकाच महिन्यात केल्या."

"म्हणजे रंग बाबाजीचा, आणि नाव..." हिरामण म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याने खिशातला मोबाइल उगाच चाचपला.

चाचांचा चेहरा जरा बदलला. "तुमी गडबचे ना, बॅगेवर लिवलंय? मग एक सांगा. गडबचा कोण तरी मोठा बेसवाला हाय म्हणं. तो बोलला, रोह्याचा हात कच्चा हाय. माझ्या साडूनं खांबला ऐकलं. तवापासून एक माणूस दारात आला नाय. कोण तो?"

दादाने डोळे उघडले, तोंडही उघडलं. तो सांगणार होता, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. पण हिरामणचा दादावर फार जीव. दादाला कोणी बोललेलं त्याला बघवत नाही.

"तो वारला, चाचा," हिरामण म्हणाला.

"या अल्ला. कशानं?"

हिरामणने छताकडे बघितलं. "कान सडला."

"कानानं माणूस मरतो?" आतून अमीनाचाची.

"हळूहळू मरतो, चाची," मी म्हणालो. मित्राला एकट्याला पडू देऊ नये म्हणून.

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि हात पसरून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. दादा त्यांच्या समोरच, हातभर अंतरावर, स्वतःसाठी चाललेली दुवा मान खाली घालून ऐकत होता. गिटार मांडीवरच होती.

"माफ केलं त्याला," चाचा म्हणाले. "मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. नायतर माझ्याकडं बोलायला भरपूर होतं. पण जिता असता तर मी त्याला इथं आणला असता, ही हातात दिली असती. त्याच्या एका वाक्यानं गेलं ना, त्याच्याच एका वाक्यानं परत आलं असतं."

"चाचा," दादा म्हणाला. "एक गिटार मी घेतो. आणि बाकीच्या पार्ट्यांना मी सांगतो. सगळ्यांना घ्यायला लावतो."

चाचा हसले, अगदी प्रेमाने. "तू भला माणूस हायस, बाबा. पण तुझं कोण ऐकणार? लोक ऐकायचे त्याचं. तो गेला."

चाची चहा घेऊन बाहेर आली. "आता ऐकून तरी काय?" ती कप ठेवत म्हणाली. "व्हिसा आलाय. शुक्रवारचं विमान हाय. मी वर्षभर सांगत होते, पेणला जाऊन एकदा बघा, कशा टांगल्यात, कुठं टांगल्यात. पण यांचा माल स्वतः बोलतो ना!"

"पेणला तुमी बघितल्यात का त्या?" चाचांनी आम्हाला विचारलं. "बऱ्या दिसतात ना?"

"बघायचं राहिलं," दादा म्हणाला.

"तेच तर," चाचा चाचीकडे वळले. "बघितल्या असत्या तर घेतल्या नसत्या काय यांनी?"

दादाला अजूनही खरं सांगता आलं असतं. पण सांगायचं तर आधी जिवंत व्हायला हवं होतं, आणि समोर नुकतीच दुवा मागून झालेली. चहा पिऊन आम्ही हळदीला गेलो. दादाने आयुष्यात पहिल्यांदा सगळी रात्र एक पट्टी खाली वाजवलं. कोणाला कळलं नाही. नवरा नाचत होता.

दुसऱ्या दिवसापासून दादा पार्ट्यांच्या दारोदार गेला. खांब, कोलाड, पोयनाड, मी त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर फिरवलं. "रोह्याची गिटार एक नंबर हाय," दादा सगळीकडे सांगायचा.

"पण दादा, तूच बोललेलास, हात कच्चा हाय."

"चुकलो मी."

"दादा चुकत नाय," खांबचा पार्टीवाला भक्तिभावाने म्हणायचा. "तुझ्या शब्दावर तर आमी थांबलो." एकाने तर दादाच्या कपाळाला हात लावून बघितला.

मग आम्ही बाबाजीकडे गेलो. एक गिटार एका मंडळाच्या देखाव्यात होडीचं वल्हं म्हणून गेली होती, आणि तिथून पुढे कुठे गेली ते होडीलाच माहीत. दुसरी तोरणांसकट खिळ्यालाच होती. दादाने ती उतरवून घरी नेली, खोबरेल लावून पुसली, नव्या चार तारा घातल्या. मान काही सरळ होईना. ती चावी कोणत्या बाजूला आणि किती फिरवायची, हे जाणणारा जिल्ह्यात एकच माणूस, आणि तो रोह्यात आहे असं आपण धरून चाललोय.

शुक्रवार होऊन गेला. दादा आता नवीन वाद्य ऐकायला जात नाही. कोणी बोलावलं तर म्हणतो, मी वारलो, चाचांना विचारा. लोकांना वाटतं, दादा आता विनोद करायला लागला. दादा विनोद करत नाही. ते काम माझ्याकडे आहे, आणि हल्ली ते मला नीट जमत नाही. म्हणून पार्टीच्या वतीने मी पुढचा कागद लिहिला आहे.

प्रति, मा. तहसीलदार साहेब, पेण.

विषय: मागील तारखेचा हयातीचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयी विनंती करतो की, काळुराम, राहणार गडब, यांस रोहा मुक्कामी हळदीच्या दुपारी, चहा येण्यापूर्वी, त्यांच्याच सहकाऱ्याने मयत घोषित केले. सदर इसम त्या वेळी हयात होता, समोरच बसलेला होता, व तोंड उघडून बोलण्याच्या बेतात होता. तरी त्यांस केवळ त्या दुपारपुरते जिवंत ठरवण्यात यावे, आणि 'कोण तो?' या प्रश्नाचे उत्तर स्वतः देण्याकरिता शासनाने त्यांना ती दुपार एकदा परत उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.