वेलीच्या चौकटीचं अर्धं पान

मी एक जुनी वेलबुट्टीची चौकट आहे, फोटोच्या कडेला लावतात तसली. आणि आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही तर नाही. मित्रांनो, ह्या फोल्डरमध्ये तुम्ही नव्या चौकटी परवा आलात. मी इथे काँप्युटरच्या तीन पिढ्या पाहिल्या आहेत.

माझा जन्म कागदावर झाला. फोटोवाल्या काकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, काळ्या शाईने चारी बाजूंनी वेल काढली. अगदी शेवटी, डावीकडच्या खालच्या पानाशी, शाई संपली. काकू नवी बाटली आणायला उठल्या, तर काका म्हणाले, “राहू दे गं, कोण पानं मोजत बसतंय?” मग त्यांनी मला स्कॅन केलं, सोनेरी रंग दिला, मधला भाग पोकळ केला आणि कामाला जुंपलं.

वाढदिवस, लग्नं, शाळेचे निरोप समारंभ, सगळ्यांच्या कडेला मीच. “किती खुलून दिसतोय फोटो,” असं कुणी म्हटलं की माझी पानं मोहरून जात. पण खरं सांगू? मला कायम धास्ती असे. मी चांगली बोटभर रुंद. फोटोवर बसले की माझ्याखाली काय सापडलं, हे कुणी बघत नसे. कुणाची वेणी, कुणाचे बूट, एकदा तर अख्खं मांजर. त्यात काकांची एक वाईट खोड होती. चौकट लावलेला फोटो ते मूळ फोटोवरच सेव्ह करत. म्हणजे फाईल एकदा बंद झाली की खालचं गेलं ते गेलंच.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. त्यांचा फोन पाण्यात पडून कायमचा गेला होता, त्यातलं कार्ड तेवढं वाचलं होतं. कार्डावर घरच्यांचा एक फोटो होता. काकांनी मला त्यावर बसवलं, कार्डावरच सेव्ह केलं आणि छापून दिलं.

ताईंनी फोटो पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“दादा, माझे बाबा कुठायत?”

“कुठले बाबा? पाच माणसं आहेत की.”

“सहा होती. बाबा कडेला होते. ते कडेलाच उभे राहायचे, मला कशाला मधे घेता म्हणून. वर्ष झालं त्यांना जाऊन. दुसरा फोटो नाहीये माझ्याकडे.”

“ताई, तुमचा काहीतरी घोळ होतोय.”

मागे पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले गृहस्थ घड्याळ बघत होते. काकांनी माऊस फाईल बंद करायच्या फुलीकडे नेला.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. बाबा माझ्याखालीच होते. त्यांचा खांदा मला जाणवत होता. ती फुली दाबली असती, तर मागे फिरायची वाटच बंद. ओरडावं तर मला तोंड नाही.

मग मी काय केलं? पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि डावीकडचं खालचं पान कसंबसं अर्धं आक्रसून घेतलं. तेवढ्या फटीतून एक बाही दिसली आणि बाहीवरचं बटण.

“थांबा,” ताई स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या. “हे बटण मी लावलंय. पांढरा दोरा संपला होता म्हणून लाल दोऱ्याने. बाबा म्हणाले, चालतंय गं, कुणाला दिसतंय.”

काकांचा हात तिथेच थांबला. ‘अनडू’ दाबत, केलेलं एकेक काम उलटं फिरवत त्यांनी मला फोटोवरून उचललं. कडेला बाबा उभे होते, अंग चोरून. मग काकांनी फोटो थोडा लहान केला आणि माझ्या पोकळीत नीट बसवला. सहाच्या सहा माणसं.

तेव्हापासून काका मूळ फोटो वेगळा जपून ठेवतात. तुम्हीही ठेवायला लावा. आणि कुणावर बसण्याआधी कडेची माणसं एकदा मोजा. माझं पान मात्र त्या दिवशी जे अर्धं झालं, ते पुन्हा काही उलगडलं नाही.

“आजी,” परवाच आलेली चंदेरी चौकट म्हणाली, “पण त्या पानाशी तर काकूंची शाई संपली होती ना?”