दयाळाशेजारचा चिखल्या

मित्रांनो, मी एक जुना, दोन कप्प्यांचा पिंजरा आहे. तारकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला मन लावून विणले. माझी सारी हयात एका न्हाव्याच्या दुकानात, आरशाच्या वर टांगलेल्या अवस्थेत गेली.

उजव्या कप्प्यात दयाळ पक्षी होता. दुकान उघडताच तो छाती फुगवून गाऊ लागे. गिऱ्हाइके गालावर साबण तसाच ठेवून ऐकत बसत. "पिंजराही काय देखणा आहे!" असे कोणी म्हटले की मी फुशारून जात असे.

एकदा न्हाव्याच्या मेव्हण्याने किनाऱ्यावरून एक चिखल्या पक्षी धरून आणला. त्याला डाव्या कप्प्यात कोंबले. दयाळाची बोटे दांडी घट्ट धरत. चिखल्याला मागचे बोटच नव्हते. त्याचे पाय ओल्या चिखलावर पळण्यासाठी घडलेले. तो दांडीवरून घसरे आणि तळाशी उभा राही. माझ्या तारा त्याच्या पायांना कापत.

"हा मुका आहे का हो?" गिऱ्हाइके हसू लागली. न्हाव्याला ते झोंबले.

"पोटाला चिमटा बसला की भलेभले गातात," तो म्हणाला आणि त्याने चिखल्याचे खाणे बंद केले.

"अहो, तो गाणारा नाहीच," त्याची बायको काकुळतीने म्हणाली. "पाण्याकाठचा जीव तो. सोडा ना त्याला."

"तू गप बस. शेजारी दयाळ आहे, त्याच्याकडून शिकेल."

तिने दाढीच्या वाटीत ओला चिखल आणि गांडुळे घालून ती गुपचूप आत सरकवली. न्हाव्याने ती वाटी गटारात भिरकावली आणि माझ्या दाराला कुलूप घातले.

मग एका सकाळी चिखल्यांचा थवा शिट्ट्या मारत छपरावरून गेला. आतल्या चिखल्याने मान उचलली. बारीक आवाजात तो त्यांना हाका मारू लागला. थवा दूर गेला, तरी तो हाका मारतच राहिला.

"ऐकलंत? गायला!" न्हावी वस्तरा हातात धरूनच ओरडला. त्याने लगबगीने कुलूप काढून एक अळी चिखल्याच्या चोचीत घातली. चिखल्याला ती गिळता आली नाही. तो माझ्या तारांवर आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दयाळ रोजच्यासारखा गात होता.

"दुसरा आण रे," न्हाव्याने मेव्हण्याला सांगितले. "आता कसं शिकवायचं ते कळलंय."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाण्याची विनवणी करतात. मी करणार नाही. माझ्या तारा गंजल्या आहेत, बिजागरी सैल झाली आहे आणि आत नवा चिखल्या उभा आहे. मला दुरुस्त करायला कोणी निघालाच, तर त्याचा हात रोखा.