सात ग्रॅमचे शिसे

मोया सहाला उठली. शेगडीत दोन ओंडके सरकवून तिने किटली ठेवली आणि पाव भाजेपर्यंत खिडकीच्या काचेवरचे बाष्प बाहीने पुसून आभाळ पाहिले. मार्च संपत आला होता. टास्मानियाच्या त्या पठारावर थंडी सुरू होत होती, पहाटेचे गवत आता हिमाने पांढरे पडू लागले होते. पावाला व्हेजिमाइटचा खारट काळा लेप फासून तो तिने उभ्याउभ्याच खाल्ला आणि मग टेबलावर ट्रे उघडला. एका बाजूच्या खणांत बोटभर लांबीचे मऊ रबरी मासे होते, काळे-लाल, शेवाळी, मातकट. दुसऱ्या बाजूला जिगहेड, म्हणजे शिशाचे डोके ओतलेले गळ, दोन ग्रॅमपासून सात ग्रॅमपर्यंत वजनाप्रमाणे मांडलेले. तिने एकेका रबरी माशाची शेपटी सरळ केली. शेपटी वाकडी राहिली तर तो पाण्यात गिरक्या घेतो आणि ट्राउट मासा पाठ फिरवतो, हे तिला नवऱ्याने, डेन्झिलने, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते.

गुरुवार डेन्झिलला भेटण्याचा होता. पक्षाघाताला दीड वर्ष झाले होते. उजवे अंग गेले होते आणि शब्दांपैकी एकच उरला होता: ‘बरं’. कधी आंघोळ, कोणते सूप, खिडकी उघडायची की लावायची, हे सारे शुश्रूषागृहातली माणसे ठरवत. ट्रेमधले मात्र तो ठरवी. डाव्या हाताने एक रबरी मासा आणि एक गळ निवडी. शुक्रवारी सकाळी मोया तेच घेऊन वुड्स लेक या तळ्यावर जाई आणि पुढच्या गुरुवारी हकिगत सांगे.

पण जानेवारीपासून तो दर वेळी सात ग्रॅमचाच गळ उचलत होता. वुड्स लेक कंबरभर खोल, तळाशी गवत आणि चिखल. तिथे एवढे शिसे टाकले की ते थेट गाळात रुतणार. म्हणून मोया काठावर गेली की तो गळ खिशात ठेवी, दोन ग्रॅमचा बांधी, आणि मासा मिळाला की सांगे, ‘तुझ्याच गळाला लागला.’ एवढ्याशा खोट्याने कुणाचे काही बिघडत नव्हते, असे तिला वाटे.

“आली बघ तुझी बायको, दुकान घेऊन,” शेजारच्या खाटेवरचा व्हर्न म्हणाला. तो आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरत आला होता, आणि तोंड अजून कात्रीसारखेच चाले. “मोया, आज तरी मला निवडू दे. याची नजर गेलीये.”

“तुझी कुठे शाबूत आहे, व्हर्न? परवा कुणाची कवळी घातली होतीस?”

“बसली ना पण!”

डेन्झिल हसला, अर्ध्या तोंडाने. मग त्याने मागच्या आठवड्याचा गळ हातात घेतला. लाल रंग दिलेल्या शिशावरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवले, एकदा, दोनदा. रंग कोरा होता, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्याने गळ जागेवर ठेवला आणि ट्रे बाजूला सारला.

“काय झालं? आभाळ भरलंय बघ, काळा-लाल चालेल ना?”

तो खिडकीकडे पाहत राहिला.

“सात ग्रॅम!” व्हर्नने मान लांब करून पाहिले. “अगं बाई, वुड्स लेकात हे टाकून ट्राउट धरतेस की खेकडे? हे ग्रेट लेकचं शिसं. तिथे खडकांत खाली जावं लागतं. काय रे लेका, तेच म्हणतोयस ना?”

“बरं,” डेन्झिल म्हणाला. खिडकीवरची नजर त्याने मोयाकडे वळवली.

ग्रेट लेकचे नाव त्यांच्या घरात अकरा वर्षांत निघाले नव्हते. वाऱ्याने तिथे त्यांची होडी उलटली होती आणि मोया त्या थंड पाण्यात वीस मिनिटे होडीची कड धरून राहिली होती. ‘परत इथे यायचं नाही,’ एवढेच ती म्हणाली. त्याने त्याच आठवड्यात होडी विकली आणि पुढे अवाक्षर काढले नाही. तो ते पाणी विसरला असेल असे ती धरून चालली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने खणातून कानस काढली. चार वेळा घासले असते तर शिशावरचा रंग खडकाने गेल्यासारखा दिसला असता. तिने कानस गळाला लावलीही. मग तिला त्याचा अंगठा आठवला. चाळीस वर्षे खडकाचे ओरखडे ओळखणारा अंगठा. तिने कानस पुन्हा खणात ठेवली.

शुक्रवारी फाट्यावर तिने गाडी वुड्स लेककडे न वळवता चढाला घातली. शेजारची जागा रिकामी होती. ‘गिअर बदल आता’ असे कुणी म्हटले नाही, आणि एरवी जे ऐकून ती वैतागे, त्याच बोलण्यासाठी तिचा जीव तळमळला.

ग्रेट लेक राखाडी होता, वाऱ्याने खवळलेला. ती होडीत बसणार नव्हतीच, पण खडकांवर पुढे पाण्यापर्यंत जातानाही ती दर पावलाला हाताने दगड चाचपत गेली. तिने सात ग्रॅमचा गळ बांधला, काळा-लाल रबरी मासा त्यावर सरळ ओवला आणि दूर फेकला. डेन्झिल मोजायचा तशी मोठ्याने मोजू लागली. सोळाला शिसे खाली दगडावर टकटकले आणि तो ठोका मासेमारीच्या काठीतून तिच्या मनगटापर्यंत आला. तिने काठी उचलली, खाली केली. पुन्हा दगड. पुन्हा.

सकाळी नऊ वाजेपर्यंत मासा लागला नाही. लाल रंगावर तीन ओरखडे उमटले होते, खालचे शिसे चमकत होते. मोयाने तो गळ न पुसता गुरुवारसाठी ट्रेच्या पहिल्या खणात ठेवला आणि झाकण लावले.