पानाखालची चाल

२०२१ साल. मार्चातली सकाळ, ऊन अजून बांधापाशीच होतं. बिभीषणनं मोसंबीच्या शेवटच्या ओळीवर फवारणीची नळी रोखली आणि जयवंताबाईंनी तिच्यासमोर हात आडवा धरला.

"थांब जरा."

"माय, सरक. ऊन चढलं की तेलानं पानं करपत्यात. जल्दी उरकायचंय."

टाकीत पाणी, साबण आणि तेल ढवळून दुधासारखं झालं होतं. हे विष नव्हे, तीर्थपुरीच्या दुकानदारानं सांगितलं होतं. किडीच्या अंगावर थर बसतो आणि ती गुदमरते. फक्त पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे. बारा ओळी भिजून झाल्या होत्या. पाडव्यापर्यंत पिठ्या ढेकूण हटला नाही तर जेसीबी लावून बाग उपटायची, असं बिभीषणनं घरात सांगून टाकलं होतं. त्याच्या वडिलांनी, रायभाननं, मेंढरं विकून लावलेली झाडं होती ती.

जयवंताबाईंनी फांदी वाकवून पान उलटं केलं. खाली कापसाच्या बोळ्यांसारखे ढेकूण चिकटून बसले होते. त्यांच्यात काही मोठे होते, पांढऱ्या झिपऱ्यांचे.

"हे मोठं बघ."

"तेच तर ढेकूण. आपलंच खाऊन माजलेत."

"ढेकूण बसून राहतो. हे चालून राह्यलं."

"चालू दे. आता बसंल कायमचं."

मागं नळी धरून उभी असलेली सून प्रेमला हसली. सासूचा चेहरा पाहून गप्प झाली.

जयवंताबाईंचं माहेरचं सगळं आयुष्य आणि सासरची वीस वर्षं मेंढरांमागं गेली होती. संध्याकाळी समोरच्या उतारावर दिसणारा ठिपका मेंढराचा की लांडग्याचा, हे त्यांनी कधी रंगावरून ठरवलं नव्हतं. चरणाऱ्याची मान खाली असते. दुसरं असतं ते थांबतं, मान फिरवतं, पुन्हा निघतं.

"हे चरून न्हाई राह्यलं, बिभीषण. हे हुंगून राह्यलं."

"आत्याबाई, सरका थोडं," प्रेमला म्हणाली. तिनं ओले हात पदराला पुसले, मोबाईल पानाजवळ नेला आणि चित्र मोठं केलं.

झिपऱ्या अंगाचं ते एका ढेकणापाशी आलं. थांबलं. डोकं त्या कापसात शिरलं. कापूस थरथरला, आतली पिवळी अंडी उघडी पडली, आणि एकेक करून नाहीशी व्हायला लागली. तिघांची डोकी त्या तळहाताएवढ्या पडद्यावर एकत्र आली होती. कापूस रिकामा झाला तसं ते बाहेर निघालं आणि पुढच्या ढेकणाकडे चालू लागलं.

त्याच पानावर तशी आणखी सहा होती. प्रेमलानं शेजारचं पान उलटलं. मग वरचं. मग तिनं हात खाली घेतला आणि नुसतीच शेंड्यापर्यंत झाडाकडे बघत राहिली. सगळ्या झाडभर ते चाललं होतं, आणि आवाज कसलाच नव्हता.

बिभीषणनं जाऊन पंप बंद केला.

"गेल्या साली औषध मारलं," तो म्हणाला, "तवा आधी हेच मेल्ते. मोठे मेले म्हणून मी राजूरला जाऊन नारळ फोडून आल्तो."

"गणपती बी इचारात पडला असंल," जयवंताबाई म्हणाल्या.

"त्या बारा ओळीत बी हे असतील का हो?" प्रेमलानं विचारलं.

भिजलेल्या ओळींतून तेलकट थेंब टपकत होते. बिभीषण तिकडे पाहत नळी गुंडाळत राहिला.

"एवढी ओळ राहू दे," तो म्हणाला. "पाडव्यापर्यंत बघू."

पाडव्यापर्यंत सगळ्यात आधी तीच ओळ स्वच्छ झाली. झिपऱ्यावालं ते ढेकणावर जगणाऱ्या एका भुंग्याची अळी असतं आणि लहानपणी ढेकणासारखंच पांढरं पांघरतं, हे नंतर कृषी सहायकानं सांगितलं. जेसीबी त्या उन्हाळ्यात आला, शेततळं खोदून परत गेला. बिभीषण अजून तेल फवारतो, पण आधी पान उलटून बघतो. खिशात भिंग असतं. प्रेमलाचा तो मोबाईल दोन वर्षांनी बंद पडला. तिनं तो टाकला नाही, लुगड्यांच्या पेटीत ठेवला आहे.

जयवंताबाईंच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. मार्च लागला की त्या कुणाला तरी हात धरून तेराव्या ओळीपर्यंत न्यायला लावतात. पानांखाली तळहात धरून उभ्या राहतात. कधी बराच वेळ काही होत नाही. कधी हातावरून काहीतरी हलकंसं निघतं, थांबतं, पुन्हा निघतं. ते पलीकडच्या पानावर चढेपर्यंत त्या कुणाला बोलू देत नाहीत.