एवढंच राहतं

शोभेचे मासे आणि पक्षी विकणाऱ्या त्या दुकानात ती बारा वर्षं काउंटर सांभाळत होती. घरी नवरा तिला थट्टेनं मासेवाली म्हणायचा. फरक इतकाच, की हिच्याकडचे मासे कुणी खायला नेत नसे. टाक्यांचं पाणी बदलायचं, मेलेला मासा गिऱ्हाइकाच्या नजरेस पडायच्या आत जाळीनं उचलायचा, आणि आलेल्या नवख्या माणसाला काय झेपेल ते ओळखून सांगायचं, हे तिचं काम. या शेवटच्या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता.

त्या आठवड्यात पाण्यातल्या कासवांची साठ पिल्लं आली होती. मोठ्या नाण्याएवढी, हिरव्या पाठीची, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. सोबत मालकांनी प्लास्टिकचे बाऊल मागवले होते. प्रत्येकात मधोमध बेट आणि बेटावर प्लास्टिकचं झाड.

"बाऊलसकट द्यायची," मालक म्हणाले. "दिवा, फिल्टर, मोठी टाकी, हे पुराण लावत बसलीस तर एकही जायचं नाही."

ती काही बोलली नाही. आधीच्या खेपेलाही बोलली नव्हती.

शनिवारी दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कवळ्या बनवायचं दुकान होतं. हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं, कारण ती बोलत असताना ते तिच्या दातांकडे बघत होते. "पुढचा डावा नंतर बसवलाय ना? हात चांगला आहे कुणाचा तरी," ते म्हणाले, आणि ओशाळून हसले.

मुलगी नऊएक वर्षांची. हातात वही, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल.

"हिला घरी आम्ही प्रश्नपत्रिका म्हणतो," ते म्हणाले. "केसांनी हिला धाप लागते, त्यामुळे मांजर-कुत्रं बाद. आणि मासे तिला नकोत."

"मासे आपल्याकडे बघत नाहीत," मुलगी म्हणाली. मग तिनं वही उघडली. "पहिल्यांदाच पाळणाऱ्यासाठी सगळ्यांत सोपा प्राणी कोणता?"

खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. सोपा हवा असेल तर कासव नको, बाळ. पण मालक शेजारच्या टाकीपाशीच उभे होते.

"हे कासव," ती म्हणाली.

"केवढं होतं?"

"एवढंच राहतं."

मुलीनं लिहून घेतलं. "खातं काय?"

"या डबीतल्या सुक्या कोळंब्या. दिवसातून दोन चिमटी."

"ऊन लागतं?"

"घरातला उजेड पुरतो."

"जगतं किती?"

"तू सांभाळशील तितकी वर्षं."

वडील हसले. मुलगी हसली नाही. "हे उत्तर आकड्यात नाही," ती म्हणाली. तरीही तिनं तेच शब्द वळणदार अक्षरात उतरवले.

हे कासव काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण ती वाक्यं इतक्यांदा बोलून झाली होती, की बोलताना आता कुठे अडखळायलाही होत नसे.

सात आठवड्यांनी बापलेक पुन्हा आले. मुलीच्या हातात डबा होता. डब्यात ओल्या कापसावर पिल्लू. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. डबा पुढे ओढून काउंटरमागून तिनं बोटानं पाठ दाबली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

मुलीनं वही काउंटरवर ठेवली आणि एकेक ओळ वाचून दाखवली. एक दिवसाआड पाणी. दोन चिमटी. घरातला उजेड. प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण होती. "मी एकही दिवस चुकले नाही," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, "की मीच चुकीचं लिहून घेतलं होतं?"

मालक दोन हातांच्या अंतरावर एका बाईंना पोपट दाखवत होते.

"असेल बाळ," ती म्हणाली. "त्या दिवशी गर्दी होती."

गर्दी नव्हती. शनिवारची टळटळीत दुपार होती, आणि दुकानात त्या तिघांखेरीज फक्त मालक.

"मला वाटलंच," मुलगी म्हणाली आणि वही मिटून छातीशी धरली. वडिलांच्या हातात तिनं डोळ्यांत घालायचे थेंब दिले. त्यांनी काही होणार नाही हे तिला माहीत होतं. पैसे घेतले नाहीत, आणि त्यानं तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "एका पोरीवर मी माझं पाप ढकललं."

"कासवच ना?" तो म्हणाला. "दुसरं दे."

त्याला काय सांगणार? 'एवढंच राहतं' हे दुकानाचं खोटं होतं, मालकांचं होतं, सगळ्यांचं थोडं थोडं होतं. 'असेल' मात्र तिचं एकटीचं. ते तिच्याकडून कुणीही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कासवाला लागतो तो दिवा पिशवीत घालून कवळीवाल्यांकडे गेली. छोटीशी खोली, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण. ते एका दाताची कड घासत होते. उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात मध्येच थांबला.

"म्हणजे तिचं काहीच चुकलं नव्हतं?"

"नाही."

"तीन दिवस ती नीट जेवलेली नाही. वहीतलं सगळं पुन्हा लिहून काढलं तिनं, चूक सापडतेय का बघायला."

"मला माफ करा, दादा..."

"मला कशाला सांगताय?" त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. आवाज चढला नव्हता. "साडेचारला शाळेतून इथेच येते ती. बसा."

ती दोन तास बसली. पिशवीत फोन वाजत होता, मालकांचाच असणार. तिनं उचलला नाही. ते काम करत राहिले.

मुलगी आली, तिला बघून दारातच थबकली.

"तू बरोबर लिहिलं होतंस," ती म्हणाली. "मीच खोटं सांगितलं."

"का?"

"पिल्लं विकायची होती."

मुलीनं विचार केला. "आणि परवा? परवा तर काही विकायचं नव्हतं."

याची तयारी तिनं केली नव्हती. "परवा मी घाबरले."

"मालकांना?"

"हो. आणि तुलाही."

"मी नऊ वर्षांची आहे," मुलगी म्हणाली.

वडिलांनी मेणाखालचा बर्नर बंद केला, किल्ली घेतली, आणि तिघं घरून कासवाचा डबा घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनी इंजेक्शन दिलं, दिव्याखाली कोरडी जागा करायला सांगितलं, खाणं बदललं. आठवड्याभरात कळेल, म्हणाले.

कासव जगलं. पाठ टणक झाली, पण कडा वर वळल्या त्या वळल्याच, आणि डावा डोळा कायमचा अर्धाच उघडा राहिला. त्याच्या टाकीसाठी घरातलं जेवणाचं टेबल हलवावं लागलं.

तिनं मालकांना सांगितलं, की कासव विकायचं तर मी सगळं खरं सांगूनच विकेन. मालकांनी भांडण केलं नाही. तिला मागच्या खोलीत पक्ष्यांचं धान्य पाखडायला बसवलं आणि काउंटरवर दुसऱ्या बाईंना उभं केलं. पाखडता पाखडता तिनं एकदा हिशेब मांडला. साठांतली चाळीसेक तरी पिल्लं तिच्याच हातून गेली होती. त्यांतल्या एकाचं घर तिला सापडलं. बाकीच्यांचे पत्ते नव्हते, आणि चेहरे आठवायला बसलं की नुसत्या मुलांच्या पुढे केलेल्या ओंजळी आठवत.

रविवारी ती कासवाकडे जाते. मुलीच्या आईची हरकत नव्हती. वडील आता चहा विचारतात. मुलगी नमस्कार करते, टाकीजवळ जागा देते. परवा तिनं मुलीला सुचवलं, "आता याला थोडा हिरवा पालाही घालून बघ. खाईल."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"थांबा हं, मावशी," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारून घेते." आणि वडिलांचा फोन घ्यायला आत गेली.

"विचार," ती म्हणाली, आणि आतलं बोलणं संपेपर्यंत टाकीशेजारी बसून राहिली.